नऊ मिनिटांचा बुक्का

या, असे जवळ या. भिंतीला टेकलेल्यांनी पाठीचा लोभ सोडावा आणि चार बोटं पुढं सरकावं. तबला अजून सुरात यायचाय, आजचे बुवा आत उपरणं शोधताहेत, तेवढ्या वेळात एक हकीकत सांगून टाकतो. मी कीर्तनकार नव्हे. बत्तीस वर्षं कीर्तनकाराच्या मागं उभं राहून झांज वाजवणारा माणूस. तेव्हा गोष्टीत आर्या नाहीत, साक्या नाहीत. एक लबाडी मात्र आहे. ती कुणाची, ते शेवटी सांगीन. आधी विचारू नका.

"पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे," आमचे जुने कीर्तनकार नरहरीबुवा यांनी चष्मा नाकावर ओढून पत्रक वाचलं. "एकापाठोपाठ एक. भालू, अरे हे तर तू सरकारी पगारावर करतोस. यात स्पर्धा कसली?"

बारा वर्षं झाली या बोलण्याला. मी तेव्हा सांगलीत पोस्टमन होतो. पहाटे कृष्णेत उडी मारायची, घाटापासून पलीकडं जाऊन परत यायचं, मग अंघोळीची वेगळी गरज उरत नाही. दिवसभर सायकल. संध्याकाळी देऊळ आणि झांज. पत्रक मीच बुवांच्या घरी टाकलं होतं, कारण ते गल्लीतल्या प्रत्येक घरी टाकायचं होतं. डॉक्टर मृण्मयी आरवाडे म्हणून एक तरुण बाई होत्या, गुडघे आणि पाठीला व्यायाम सांगणाऱ्या. त्यांनी हौशी लोकांचा एक गट काढला होता. त्यात बँकेतला एक रोखपाल, दोन शिक्षिका आणि एक दूधवाला होता. डॉक्टरबाईंचं म्हणणं असं, की अशा शर्यती आता गावोगाव होतात, त्या काही फक्त पैलवानांसाठी नसतात, आणि फाल्गुनात पहिली आपल्याच घाटावर घेऊ. साडेसातशे मीटर पोहायचं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर धावायचं. सगळं सव्वादोन तासांत. त्यापुढं आलेल्याला पदक नाही.

बुवांनी पत्रकाची घडी केली आणि तिनं स्वतःला वारा घालू लागले. खिडकीजवळची ती वेताची खुर्ची. मार्गशीर्षात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ते तिच्यातच होते. ऑपरेशन उत्तम झालेलं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, रोज अर्धा तास चाला, चैत्रात खुशाल कीर्तन करा. पण बुवा चालायला तयार नव्हते. स्वच्छतागृहापर्यंत जायचे तेही भिंत धरून. सिंधूकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला दारात गाठून सांगायच्या, की रामनवमीच्या उत्सवाला दुसरा बुवा बघा म्हणून हे निरोप पाठवायला निघालेत. चाळीस वर्षं त्या उत्सवात दुसरा बुवा उभा राहिलेला नव्हता.

मी एकदा धीर करून म्हटलं होतं, की बुवा, खुर्चीवर बसून करा, लोक काही म्हणणार नाहीत. त्यावर ते इतके शांतपणे बोलले की मला शिव्या बऱ्या वाटल्या असत्या.

"बसून सांगतात ती पोथी, भालू. कीर्तन उभ्यानं असतं. आणि उभ्यानं करताना मी पडलो तर? पूर्वरंगात पडलो तर एक वेळ चालेल, लोक म्हणतील, निरूपण लांबलं. पण आख्यानात मारुतीरायानं उड्डाण केलं आणि इकडं मी आडवा झालो, तर तो बिचारा समुद्रावर अधांतरी लोंबकळायचा. त्याला पलीकडं कोण उतरवणार? तू?"

हसले ते, पण खुर्चीच्या हातावरची बोटं पांढरी पडली होती.

तर त्या दिवशी पत्रकाचा पंखा करून झाल्यावर ते मला चिडवायला लागले. पोस्टमन धावताना कुणी बघितलाय का म्हणे. धावत आला तर घरातली बाईमाणसं रडायलाच लागतील, कुणी गेलं समजून. खरंच होतं. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी बससाठीही पळालो नव्हतो. पण तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "बुवा, मी हे सव्वादोन तासांत केलं, तर तुम्ही रामनवमीला उभे राहाल?"

बुवांनी पंखा थांबवला. आत काकूंची भांडी वाजायची थांबली.

"वेळेत केलंस, तर उभा राहीन," ते म्हणाले. "एका मिनिटानं चुकलास, तरी मला पुन्हा हा विषय काढायचा नाही."

काकूंनी आतून गूळ आणून दोघांच्या हातावर ठेवला. पैज पक्की.

पुढचे दोन महिने डॉक्टरबाईंनी माझं काय केलं ते सांगत बसलो तर आज कीर्तन होणार नाही. पोहण्यात त्यांना काही शिकवता आलं नाही. कृष्णाकाठचा माणूस मी. सायकलीवरून मात्र वाद झाला. त्या म्हणाल्या, मी हलकी सायकल देते. मी म्हटलं, ही काळी सायकल सतरा वर्षं माझ्याखाली आहे, तिला दुसरी दिसली तर वाईट वाटेल. शेवटी कॅरिअर काढण्यावर तडजोड झाली. घंटी मी काढू दिली नाही.

धावणं हा खरा कहर. पहिल्या दिवशी हरिपूरच्या रस्त्यावर तिसऱ्या चिंचेपाशी मी झाडाला मिठी मारून उभा राहिलो. डॉक्टरबाईंनी विचारलं, काका, श्वास कसा घेता? मी म्हटलं, घेतच नाही, मिळाला तर बघतो. मग त्यांनी विचारलं, देवळात दोन-दोन तास उभं राहून वाजवता, तेव्हा दम लागत नाही? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या दिवसापासून मी धुमाळीच्या ठेक्यात धावायला लागलो. मनात "जय जय राम कृष्ण हरी", एका पावलाला एक टाळी. वेग वाढला नाही, पण झाडांना मिठ्या मारायचं बंद झालं. रोज संध्याकाळी बुवांना सांगायला जायचो: आज बारा चिंचा, आज वीस, आज हरिपूर गाठलं. ते ऐकून घ्यायचे. सुरुवातीला हसायचे. नंतर नंतर हसणं कमी झालं. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मी सांगितलं, की सरावात दोन तास पाच मिनिटांत सगळं झालं, तेव्हा ते म्हणाले, "अरे वा," आणि काकूंना पाणी मागितलं.

शर्यतीचा दिवस रविवार. घाटावर साठेक स्पर्धक, आणि आमच्या कीर्तनाची निम्मी मंडळी. बुवाही आले होते. रिक्षातून उतरून चार पावलं काकूंच्या खांद्याला धरून, मग घाटाच्या वरच्या पायरीवर खुर्ची आणि छत्री. मी नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण हात गार लागला.

शिट्टी झाली. पाणी माझंच होतं. बावीस मिनिटांत मी बाहेर आलो, रोखपाल अजून मधोमध हात मारत होता. घाटावर दोर बांधून एक चौक केला होता, त्यात सगळ्यांच्या सायकली. पोहून यायचं, कपडे चढवायचे, सायकल घेऊन सुटायचं. डॉक्टरबाईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, की इथं रेंगाळायचं नाही, हरणारे इथंच हरतात. बुवांनी या जागेला नाव ठेवलं होतं मध्यंतर.

मी चौकात शिरलो, बूट चढवले, सायकलीला हात घालतोय, तो समोर सिंधूकाकू. हातात तबक. तबकात बुक्का, हार, नारळ. आणि त्यांच्यामागं आमच्या भजनी मंडळातल्या दहा-अकरा बायका, रांगेनं.

आता तुम्ही कीर्तनाला बसणारे आहात, तुम्हाला काय सांगायचं. मध्यंतरात बुक्का लागतो. आधी बुवांना, मग साथीदारांना, मग प्रत्येकाला. जो लावेल त्याला आपण उलट लावायचा, वाकून नमस्कार करायचा. आणि बुवांची शिकवण अशी, की बुक्का घेऊन आलेला हात परत पाठवायचा नाही. अगदी वैऱ्याचा असला तरी. वीस वर्षं मी ती पाळलेली.

काकूंनी हार घातला. बुक्का लावला. मी त्यांना लावला, ओल्या बनियनवर वाकून नमस्कार केला. मग दुसरी आली. मग तिसरी. एकीनं विचारलं, पाणी गार होतं का. एकीनं स्वतःच्या मुलीच्या नोकरीचं पत्र आलंय का तेही विचारून घेतलं. डॉक्टरबाई दोराबाहेरून ओरडत होत्या, की आत बाहेरच्या माणसांना परवानगी नाही. त्यांनी आत सोडणाऱ्या मुलाला जाब विचारायला तोंड वळवलं, तर त्याच्या कपाळावर बुक्का होता.

शेवटच्या आजींना दिसायला कमी होतं, त्यांनी बुक्का माझ्या नाकाला लावला, मग पुसून पुन्हा कपाळाला. मी सायकलीवर टांग मारली तेव्हा नऊ मिनिटं गेली होती. घाटावर वर बघितलं. बुवा छत्री आडवी धरून बसले होते, तोंड दिसत नव्हतं.

सायकल मी जीव तोडून मारली. अंकलीच्या रस्त्यावर लोक कडेला उभे होते, आणि त्यातल्या निम्म्यांची पत्रं मीच टाकलेली. नावानं हाक मारली की पोस्टमनचा ब्रेकवर हात जातो, ही सवय काही दोन महिन्यांत जात नाही. एक म्हातारे नाना तर हात पसरून रस्त्यात आले, पेन्शनचं काय झालं म्हणून. मी घंटी वाजवत ओरडलो, उद्या. त्यांनी मागून सांगितलं, उद्या आण मग. तरीही परत आलो तेव्हा एक तास पस्तीस मिनिटं झाली होती. राहिली चाळीस. हार अजून गळ्यातच होता. काढून सायकलीला घातला.

आता फक्त चिंचा. हरिपूरपर्यंत जाऊन परत. धुमाळी लावली आणि निघालो. ऊन चढलं होतं. जाताना ठीक होतं. परतीला ठेका ढळायला लागला. झांज हातात असती तर सावरलं असतं, रिकाम्या हातांनी ताल धरणं अवघड. डॉक्टरबाई सायकलीवरून शेजारी आल्या, म्हणाल्या, काका, एवढाच वेग ठेवा, दोन मिनिटं आधी पोचाल. अर्धा किलोमीटर राहिलाय. आणि त्या मागच्या माणसाकडं वळल्या.

अर्धा किलोमीटर म्हणजे सहा चिंचा. मी मोजल्या होत्या.

पाचव्या चिंचेखाली कुणीतरी उभं होतं. धोतर, उपरणं, हातात चिपळ्या. छत्री नाही, खुर्ची नाही, भिंत नाही, काकू नाहीत. आधी वाटलं, उन्हानं डोळ्यांपुढं दिसतंय.

बुवा घाटापासून तिथवर चालत आले होते. चेहरा घामानं डबडबलेला. मी जवळ पोचलो तशी त्यांनी चिपळी वाजवली आणि गजर धरला, "जय जय राम कृष्ण हरी." आवाज फुटला, पुन्हा लागला. आणि ते माझ्यापुढं चालायला लागले.

"भालू, माझ्याकडं बघू नकोस," ते मान न वळवता म्हणाले. "पळ तू. वेळ आहे अजून."

वेळ होता. मलाही माहीत होतं. त्यांच्या बाजूनं निघून गेलो असतो तर मी वेळेत होतो. बुवा तर खुद्द जा म्हणत होते.

पण आता तुम्हीच सांगा. वीस वर्षं झांजवाला बुवांच्या मागं उभा राहिला. ते दोन पावलं पुढं गेले तर दोन पावलं पुढं, मागं आले तर मागं. बुवा गजर करताहेत आणि झांजवाला त्यांना ओलांडून पुढं पळतोय, हे मला जमणारच नव्हतं. पाय आपोआप मंदावले. हातात झांज नव्हती म्हणून टाळी धरली.

"अरे पळ ना," बुवा म्हणाले.

"ठेका सोडून कुठं जाऊ, बुवा?"

बुवा चालत राहिले. आधी भीत भीत, मग चौथ्या चिंचेनंतर पाऊल नीट पडायला लागलं. तिसऱ्या चिंचेला त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं, जसं ते निरूपण रंगात आलं की टाकतात. रस्त्याकडेचे लोक टाळ्या धरून मागं यायला लागले. रोखपाल धापा टाकत मागून आला, त्यालाही पुढं जाणं बरं दिसेना, तोही रांगेत लागला. घाटाच्या कमानीखाली आम्ही पोचलो तेव्हा आमची दिंडीच झाली होती. डॉक्टरबाई हातातलं घड्याळ बघत उभ्या होत्या. त्यांच्या तोंडावरून मला समजलं.

"दोन तास सोळा मिनिटं," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "काका, एका मिनिटासाठी."

रोखपालानं सांगितलं, मला पदक नको होतंच, गळ्याला रुततं. मी बुवांकडं बघितलं. ते कमानीच्या खांबाला हात न लावता उभे होते, छाती वरखाली होत होती. काकू धावत येऊन त्यांचा दंड धरायला लागल्या, तो त्यांनी हळूच सोडवला.

"पैज मी जिंकलो," बुवा म्हणाले.

"जिंकलात, बुवा."

"तू हरलास तर हा विषय काढायचा नाही, असं ठरलं होतं."

मी मान खाली घातली. म्हटलं, नाही काढणार.

"तू नाही काढायचा. मी काढू नये असं काही ठरलं नव्हतं." त्यांनी चिपळ्या माझ्या हातात दिल्या आणि घाम पुसला. "रामनवमीला झांज लवकर घेऊन ये. मागच्या वेळी तू उशीर केला होतास."

रामनवमीला देऊळ इतकं भरलं होतं की चपला रस्त्यावर गेल्या. बुवा उभे राहिले. महिनाभर ते रोज चालले होते, चिंचा मोजत. पूर्वरंगाला विषय घेतला, भय. माणूस मरणाला जितका भीत नाही, तितका लोकांसमोर पडायला भितो, असं सांगत होते. मग दृष्टान्त द्यायला थांबले.

"आपल्या गावात एक म्हातारा होता," बुवा म्हणाले. "त्याला उभं राहायची भीती वाटायची. त्याच्या एका भोळ्या शिष्यानं पैज लावली, की मी नदी ओलांडून दाखवतो, मग तुम्ही उभे राहा. म्हातारा दोन महिने बघत होता. शिष्य जिंकणार हे दिसायला लागलं, तशी म्हाताऱ्याची झोप उडाली. उघड अडवायची लाज वाटली. मग त्यानं काय केलं असेल? स्वतःच्या बायकोच्या हातात बुक्क्याचं तबक दिलं आणि सांगितलं, मध्यंतरात जा, मंडळातल्या सगळ्यांना घेऊन जा, घाई करू नका. त्याला माहीत होतं, हा शिष्य बुक्क्याचा हात परत पाठवणार नाही. कारण ते त्यानंच शिकवलं होतं."

माझा ठेका चुकला. वीस वर्षांत पहिल्यांदा. एक झांज भलत्याच ठिकाणी वाजली आणि सगळ्या देवळानं माझ्याकडं बघितलं. सिंधूकाकू खांबाआड पदराचं टोक पीळत होत्या. बुवा चिपळी उंच धरून समेवर थांबले, मी सापडेपर्यंत. मग पुढं म्हणाले, "शिष्याला घाटावरून निघताना बघितलं, हार घालून, काळं कपाळ करून सायकल मारताना. आणि म्हाताऱ्याला खुर्चीत बसवेना. बस, एवढीच गोष्ट."

मध्यंतर झालं. तबक घेऊन यजमान बुवांकडं आले, कारण पहिला बुक्का बुवांना. बुवांनी तबक त्यांच्या हातातून काढून घेतलं. मागं वळले. आणि सगळ्यांच्या आधी माझ्या कपाळाला बुक्का लावला. सत्तर वर्षांचा माणूस माझ्यापुढं वाकायला लागला, मी त्यांचे हात धरले.

"वाकू दे," ते हळू म्हणाले. "आज कुणी घड्याळ लावलेलं नाही."

मग उत्तररंग. मारुतीनं महेंद्र पर्वतावरून उड्डाण केलं. मी बुवांच्या पायांकडं बघत वाजवत होतो. ते पाय लटपटले नाहीत. मारुती पलीकडं उतरला.

त्यानंतर सात वर्षं उतरला. बुवा गेले ते श्रावणात, दुपारी, रोजचं चालून आल्यावर, त्याच खुर्चीत. डॉक्टरबाईंची शर्यत अजून होते. आता दोराच्या चौकाला गडी उभा असतो, तबक आत सोडत नाही. मी अजून धावतो. पाचव्या चिंचेपाशी वेग आपोआप कमी होतो, त्याला माझा इलाज नाही.

बघा, तबला सुरात आला. बुवा येतील आता. तुम्ही एवढंच करा. मध्यंतरात कपाळाला बुक्का लागेल, तेव्हा रांग मोठी आहे म्हणून चुळबुळ करू नका. समोरच्याला सावकाश लावा, वाका, आणि तेवढा वेळ आमच्या नरहरीबुवांची आठवण काढा.